स्लॅबखाली राजहंसाची अंडी

त्या सकाळी मागचं दार उघडलं तर अंगणभर पांढरी पिसं. आधी मला वाटलं, वरच्या खोल्यांतल्या मुलींपैकी कुणाची तरी उशी फाटली. मग पत्र्याच्या शेडाच्या कोपऱ्यात आमच्या राजहंसांच्या जोडीतला नर दिसला. मान ताणून, एक पंख जमिनीला टेकवून उभा होता आणि आवाज न करता चोच उघडत-मिटत होता. मादी पाण्याच्या टाकीजवळ पडली होती. मागच्या भिंतीच्या वरच्या विटा ढासळल्या होत्या, तिथून कुत्री आत आली होती.

मामा, म्हणजे माझे सासरे, मादीजवळ नव्हते. ते शेडातल्या बाजेवर वाकळ लपेटून बसले होते. उन्हाळा लागला होता, वाकळ घ्यावी असा गारवा कुठेच नव्हता. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी वाकळीचं टोक जरासं उचललं. पोटाशी सहा अंडी होती, मुठीत न मावणारी.

"ऊन हायत माय," ते म्हणाले. "अजून ऊन हायत."

मला ते 'माय'च म्हणायचे. लग्न होऊन मी लातूरला आले तेव्हापासून दिवसाकाठी त्यांच्या तोंडून दहा-वीस शब्द निघत, त्यातले निम्मे मला हाक मारण्यात जात.

त्यांचं गाव भूकंपात गेलेलं. विसर्जनाच्या त्या पहाटे ते जागलीला शेतात होते, म्हणून वाचले. घर माळवदाचं, दगड-मातीच्या जाड भिंतींचं. त्यात माझी सासू आणि धाकटी नणंद झोपलेल्या होत्या. या दोघींना मी फोटोतच पाहिलं. माझा नवरा तेव्हा लातूरला खोली करून बारावीचे क्लास लावून होता. तो गावी पोचला तेव्हा सगळं आवरलेलं होतं. नंतर तो शिकला, लातूरच्याच एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागला. शहरात गल्लोगल्ली क्लास निघाले, बाहेरगावची पोरं-पोरी लोंढ्यानं यायला लागली. आम्हीही स्लॅबचं घर बांधलं आणि वरच्या दोन खोल्या मुलींना दिल्या. मामा आमच्याजवळ राहायला आले, पण घरात आले नाहीत. उंबऱ्याच्या आत पाऊल म्हणून टाकलं नाही. जेवणाचं ताट बाहेर, आंघोळ बाहेर, झोप शेडात. शेडाला पत्रा होता आणि पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, एवढं एकच कारण त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं.

राजहंसाची जोडी माझ्या माहेरची. नांदेडला नदीच्या अंगाला आमचं घर, आईनं पहिल्यापासून पाळलेले. आमच्या गल्लीत सगळे त्यांना बदकंच म्हणत. एकदा मामा मला आणायला नांदेडला आले होते, तेव्हा आईच्या अंगणात राजहंस ओरडले. मामा चटकन उठून उभे राहिले आणि आईला म्हणाले, "ह्यांला आधी कळतं का?" काय कळतं, ते आईनं विचारलं नाही. परतताना तिनं डालग्यात एक जोडी घालून दिली. तेव्हापासून जोडी शेडात, मामांच्या बाजेखाली.

तर आता मादी गेली होती आणि उबवणीचे जवळजवळ निम्मे दिवस सरले होते.

नवरा आंघोळ करून बाहेर आला. त्यानं पिसं पाहिली, वडिलांकडे पाहिलं. "दादा, अंडी आहेत ती," तो म्हणाला. "तुम्ही काय असेच बसून राहणार आहात का?"

मामांनी वाकळ आणखी घट्ट धरली.

स्वयंपाकघरात येऊन तो माझ्यावर घसरला. "आई गेली तेव्हा ह्या माणसानं एक शब्द काढला नाही माझ्यापाशी. माझ्या बहिणीचं काय झालं, कसं झालं, काहीच नाही. आणि आता बदकाच्या अंड्यांसाठी बसलेत."

"तुम्ही विचारलं का कधी?" मी म्हणाले.

तो चहा तसाच ठेवून क्लासला निघून गेला.

मी कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून आईला फोन लावला. आई म्हणाली, "खुडूक कोंबडी बघ कुणाकडं." मी दुपारपर्यंत चार घरं पालथी घातली. पिंजाऱ्यांच्या खालांकडे एक खुडूक बसलेली होती. त्यांनी मोठ्या मनानं ती दिली, पण अंडं शिवताच तिनं टोच मारली आणि पंख झाडत उठून गेली. तिच्यापेक्षा अंडंच मोठं वाटत होतं. खाला म्हणाल्या, "नई बैठती बेटा. उसको डर लगरा." मी पुन्हा आईला फोन केला. या खेपेला ती म्हणाली, "पेटी कर. बलब लाव. आपल्या अंगाला असती त्याच्याहून थोडी जास्त ऊब पाहिजे. दिवसातून तीन-चार बार अंडी फिरव. एकदा उघडून जरा गार होऊ दे, मादी पण चरायला उठतीच की. आणि पाणी शिंपडत जा. लातूरची हवा लई कोरडी हाय, आतलं पिल्लू पापुद्र्याला चिकटून मरतं."

संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याच्या हातात थर्माकोलचा मोठा खोका होता आणि खिशात क्लासच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर. त्यानं खोक्याला भोकं पाडली, आतून दोन बारके बल्ब लावले, खाली पाण्याची ताटली ठेवून वर जाळी बसवली. राग त्याच्या हातांत दिसत होता, पण काम नीट करत होता.

"पेटी शेडात ठिवा," मामा म्हणाले.

"शेडात दुपारी भट्टी होते दादा. अंडी उकडतील. आतल्या खोलीत ठेवावी लागेल."

आतली खोली म्हणजे आमची कोठीची खोली. घरातली सगळ्यात थंड, एक खिडकी अंगणाकडे. मामांनी खिडकीकडे पाहिलं, वर स्लॅबकडे पाहिलं. मग त्यांनी एकेक अंडं उंबऱ्यावरून माझ्या ओंजळीत दिलं. प्रत्येक अंडं देताना त्यांचा हात उंबऱ्यापर्यंत येई आणि थांबे. अंड्यावरची माझी पकड पक्की झाल्याशिवाय ते सोडत नसत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची बाज खिडकीखाली आली.

मी अंड्यांवर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला. फुली वर, मग गोल वर, अशी फिरवत राहिले. त्या वर्षी लाईटचे फार हाल होते. सकाळी जाई, दुपारी येई, पुन्हा जाई. लाईट गेली की मी पेटीवर गोधड्या टाकी आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवी. लाईट आली की बाटल्या काढायच्या. ऊन चढलं की एक बल्ब बंद करायचा. भाजी चुलीवर करपायची, पण कान थर्मामीटरकडे. थर्मामीटरला आवाज नसतो हे मला कळत होतं, तरी मी कान देऊन असायची.

नराचं वेगळंच चाललं होतं. पहिले दोन दिवस तो गप्प होता. मग ओरडायला लागला. मादी पडली त्या टाकीजवळ उभा राहायचा आणि एकसारखा ओरडायचा. वर किनवटकडची एक मुलगी राहायची. आश्रमशाळेत शिकून इथवर आलेली, घरातली पहिलीच. ती खाली आली, डोळे लाल झालेले. "ताई, मी चार ओळी वाचते की तो ओरडतो. सीईटी तोंडावर आली. मला काहीच ध्यानात राहून नाही राहिलं." दुसऱ्या मुलीच्या वडिलांनी तर क्लासवर फोन करून नवऱ्याला सरळ सांगितलं, पक्षी हलवा नाहीतर आम्ही मुलगी हलवतो.

नवरा म्हणाला, "रविवारी नर नांदेडला पाठवून देऊ."

खिडकीबाहेरून मामांचा आवाज आला, "पिल्लं निघाल्यावर बाप पाहिजे त्यांला."

नवऱ्याचा चेहरा एकदम उतरला. मी नराला रोज दुपारी शेडात कोंडून दाराला पोतं लावायला लागले. अंधारात तो कमी ओरडायचा. मुली राहिल्या, नरही राहिला.

आठवड्यानंतर मी अंडी उजेडावर धरून पाहिली. खोलीचं दार-खिडकी लावली, टॉर्चच्या तोंडाला पुठ्ठ्याची नळी लावून अंड्याच्या बुडाशी टेकवली. अंडं आतून लाल उजळलं. बारीक शिरांचं जाळं आणि मधोमध एक काळा पुंजका. तो हलला. माझ्या हातातून टॉर्च निसटता निसटता राहिला.

"दिसतंय का?" बंद खिडकीमागून मामा.

"दिसतंय मामा. हलतंय."

सहातली चार जिवंत होती. एक नुसतंच पिवळं, काही धरलेलंच नव्हतं. दुसऱ्यात शिरा तुटून एक लाल कडं राहिलं होतं, म्हणजे आतलं मधेच गेलेलं. मी ती दोन अंडी खिडकीतून त्यांच्या हातात दिली. त्यांनी भिंतीजवळ खड्डा करून ती पुरली आणि हात धुऊन परत बाजेवर येऊन बसले.

मग तो टँकरचा दिवस आला. गल्लीत पाण्याचा टँकर आला की घागरी-बादल्या घेऊन पळावंच लागे. मी रांगेत होते. लाईट गेलेली होती म्हणून दोन्ही बल्बांची बटणं चालूच सोडलेली आणि पेटीवर गोधड्या. पाणी भरता भरता कुणीतरी म्हणालं, लाईट आली. आणि त्याच वेळी मामांची हाक ऐकू आली. मामांना इतक्या मोठ्यानं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"माय! ए माय! पेटीतून वास यायलाय!"

मी घागर टाकून पळाले. मामा घराच्या दारात होते. एक पाय उंबऱ्यावर, दोन्ही हातांनी चौकट धरलेली, मान ताठ, अंग घामानं भिजलेलं. पाय उंबऱ्याच्या पुढे जात नव्हता. मी त्यांच्या बगलेतून आत घुसले. व्होल्टेज जास्त आलं होतं, बल्ब पांढरेफटक जळत होते, थर्माकोलची एक कड वितळून पिवळी पडली होती. बटणं बंद केली, गोधड्या ओढून फेकल्या, झाकण उघडलं. थर्मामीटरचा पारा पार वर. अंडी गालाला लावली तर चटका बसला. मी ओलं फडकं घातलं, वारा घातला, पुन्हा ओलं केलं.

बाहेर आले तेव्हा मामा अजून चौकट धरून होते.

"म्या जाऊ शकलो न्हाई," ते म्हणाले.

"मामा, काही झालं नाही. सांभाळलं मी."

"पाय उचलंना माय." आणि त्यांनी आपल्या पायाकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

त्या दिवसापासून ते जेवायचे तेही अर्धंच. त्या चारांत कोण जिवंत आहे, कोण नाही, हे आता उजेडावर धरूनही नीट कळत नव्हतं. पिल्लं मोठी झाली होती, अंडं सगळं काळं दिसायचं. वाट पाहायची एवढंच उरलं. नवरा संध्याकाळी आला की आधी खोलीत जाई, थर्मामीटर बघे आणि मग हातपाय धुवी.

शेवटी एके सकाळी अंडी फिरवताना मला आतून आवाज आला. आधी टकटक, मग अगदी बारीक, पाण्याखालून यावी तशी चिवचिव. मी हसतच खिडकी उघडली. "मामा, ऐका! आत बोलतंय!"

मामांनी गजांना कान लावला. त्यांचा चेहरा मी पाहत होते. मला वाटलं होतं, ते हसतील. पण ते मागे सरले, चपला पायात सरकवल्या आणि फाटक उघडून चालते झाले. दिवसभर आले नाहीत. नवरा सायकल काढून त्यांना शोधायला गेला, बसस्टँड, मार्केट यार्ड, सगळीकडे. अंधार पडायच्या सुमाराला ते आपले आपणच आले, बाजेवर बसले आणि म्हणाले, "अजून बोलतंय का?"

"बोलतंय," मी म्हणाले.

आईला विचारलं. ती म्हणाली, "आता पेटी हलवायची न्हाई, सारखी उघडायची न्हाई. ओलावा गेला की संपलं. पाणी तेवढं शिंपड आणि देवावर सोड." हे मी मामांना जसंच्या तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन अंड्यांना टोच पडली. कवचावर चांदणीसारखा तडा आणि मधून चोचीचं टोक. लाईट नव्हती. मी गरम बाटल्या बदलत होते. तेवढ्यात जमिनीतून आवाज आला.

ज्यांनी तो ऐकला नाही त्यांना सांगणं अवघड आहे. खूप खाली, जमिनीच्या पोटात मोठा दगड गडगडत जावा तसा. मांडणीवरची भांडी वाजली. खिडकीची काच थरथरली. भूकंपानंतर आमच्या भागात असे आवाज अधूनमधून येत, पण सवय कुणालाच झाली नव्हती. मी पेटीचं झाकण लावलं आणि पळाले. वरून मुली किंचाळत जिना उतरल्या. किनवटची मुलगी अनवाणीच आली, छातीशी नोट्सची फाईल धरून. सगळी गल्ली रस्त्यावर आली. आणि ज्याला भूकंप आधी कळेल असं मामांना वाटायचं तो नर शेडात गुपचूप होता. सगळे ओरडून थकल्यावर त्यानं एकदा बोंब मारली.

खाला मला म्हणाल्या, "तुमारे ससुर किधर हैं?"

मी वळून पाहिलं. बाज रिकामी होती. शेडात नव्हते. फाटकाबाहेर नव्हते. मग मला घराचं दार सताड उघडं दिसलं आणि आतल्या खोलीच्या खिडकीत, गजांच्या पलीकडे, पांढरं मुंडासं.

मी आत धावले. पुन्हा एक आवाज झाला, पहिल्यापेक्षा लहान. मामा पेटीशेजारी फरशीवर मांडी घालून बसले होते. दोन्ही हात पेटीवर. डोळे वर स्लॅबकडे.

"मामा, उठा. बाहेर चला. आधी बाहेर."

"न्हाई."

"पेटी घेऊन जाऊ आपण. मी धरते एका बाजूनं."

"तूच म्हणलीस ना, आता हलवायची न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू जा माय. ही अजून बाहेर आली न्हाईत."

मला तिथून पळावंसं वाटत होतं, हे मी लपवणार नाही. खिडकीतून गल्ली हाका मारत होती. पण ते ज्या भीतीत बसले होते ती मी टँकरच्या दिवशी चौकटीत पाहिलेली होती. मी दार उघडंच ठेवून त्यांच्याजवळ बसले. दोघंही स्लॅबकडे पाहत होतो.

पेटीतून चिवचिव आली. मामांनी डोळे मिटले.

"असाच येत होता," ते म्हणाले.

"काय, मामा?"

"आवाज. पोरीचा. म्या शेतातून पळत आलो तवा उजाडत होतं. घर कुठलं आन् वाट कुठली, काय कळंना. नुसता ढिगारा. आन् खालून पोर बोलत होती. इथं हाय दादा, म्हणायची, इथं हाय. म्या हातानंच दगड काढत गेलो. एक काढला की वरून दोन यायचे." ते थांबले. "तुझी सासू बोलली न्हाई. ती तवाच गेली आसंल. पोर मातर दुपारपस्तोर बोलत होती."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. नखं वाकडी आलेली होती, दोन बोटांना तर नखंच नव्हती. इतकी वर्षं त्या हातात ताट देत होते, पण कधी विचारलं नव्हतं.

पुन्हा आवाज झाला नाही. गल्लीतली माणसं हळूहळू भिंतीच्या सावलीला बसली. मुली फाटकाशीच थांबल्या. आम्ही दोघं तिथेच होतो. पहिलं पिल्लू उन्हं कलायच्या आत निघालं. कवचाची टोपी गरागरा कापत आलं, एकदा जोर केला आणि ओलंचिंब जाळीवर पडलं. दुसरं त्याच्या मागोमाग. मामा त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांचं लक्ष तिसऱ्यावर होतं. त्यानं चोचीएवढं भोक पाडलं होतं आणि थांबलं होतं. भोकाच्या कडेचा पापुद्रा कागदासारखा वाळून पिवळा पडला होता. आतली चिवचिव बारीक होत चालली होती.

"काढू का?" मामा म्हणाले.

"आई म्हणाली होती, घाई केली तर रक्त जाऊन मरतं."

"आन् न्हाई काढलं तर?"

मला उत्तर माहीत होतं. मी कोमट पाण्यात बोटं बुडवली, पण मामांनी माझा हात बाजूला केला. त्यांनी फडक्याच्या टोकानं पापुद्रा ओला केला. नख नसलेल्या बोटाच्या शेंड्यानं कवचाचा एक कपचा उचलला. मग थांबले. पुन्हा ओलं केलं, पुन्हा एक कपचा. एका जागी लाल ठिपका उमटला, तसा त्यांनी हात एकदम मागे घेतला. "थांब रे," ते पिल्लाला म्हणाले, "थांब, हाव म्या इथंच." रक्त थांबेपर्यंत आम्ही वाट पाहिली. मग पुन्हा एक कपचा. खोलीत अंधारून आलं तेव्हा दारात माझा नवरा उभा होता. गल्लीत ऐकून पळतच आला असावा, शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. वडिलांना स्लॅबखाली बसलेलं पाहून तो जागीच थिजला.

"टॉर्च धर," मामा त्याला म्हणाले.

तो बूट न काढताच खाली बसला आणि त्यानं टॉर्च धरला. पिल्लाचं डोकं मोकळं झालं. मान लोळत होती. मामांनी कवचाचा वरचा भाग उचलून ठेवला आणि हात काढून घेतला. "आता त्याचं त्यानं यावं," ते म्हणाले. पिल्लू कितीतरी वेळ पडूनच राहिलं. मी मनात आशा सोडली होती. मग एक पाय लांब झाला, अंग आक्रसलं आणि उरलेलं कवच मागे सरकलं.

"आलं," नवरा म्हणाला.

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुझी भन," ते म्हणाले आणि मला सांगितलेलं सगळं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, उजाडण्यापासून दुपारपर्यंत. टॉर्चचा उजेड भिंतीवर हलत राहिला. मी उठून बाहेर आले आणि अंगणातल्या मुलींना म्हणाले, "काही नाही, वर जा. चहा करते सगळ्यांना."

चौथं अंडं उघडलंच नाही. टँकरच्या दिवशीच्या उष्णतेत ते गेलं असणार. मामांनी ते आधीच्या दोघांजवळ पुरलं.

त्यानंतर मामा घरात झोपायला लागले, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. दुसऱ्या दिवशी ते शेडात परतले. पण सकाळचा चहा ते आत, दाराजवळच्या पाटावर बसून घ्यायला लागले, पाठ बाहेरच्या बाजूला आणि चपला पायातच. पावसाळ्यात मोठा वारा सुटला तेव्हा ते एकदा कोठीच्या खोलीत आले, पहाटेपर्यंत भिंतीला टेकून जागे बसले आणि वारा पडल्यावर गेले.

पिल्लं अंगणात सोडायची होती तेव्हा आम्ही सगळे धास्तावलो होतो. नरानं मान जमिनीलगत लांबवली आणि फुत्कारत थेट त्यांच्यावर चाल केली. नवरा काठी घेऊन उभा होता, मामांनी त्याचा दंड धरला. नर पिल्लांजवळ येऊन थांबला. चोचीनं एकाची पाठ चाचपली, दुसऱ्याची चाचपली आणि मग त्यांच्या अंगावर उभा राहून आमच्यावरच फुत्कारायला लागला. त्या दिवसापासून टाकीजवळचं त्याचं ओरडणं थांबलं. तिसरं पिल्लू, मामांनी काढलेलं, एका पायानं फेंगडं चालायचं. पुढं एक पिल्लू मुंगसानं नेलं. उरलेली दोन मोठी झाली.

किनवटच्या मुलीला मेडिकल मिळालं नाही. ती नांदेडला नर्सिंगला गेली. माझ्या आईकडे अधूनमधून जाऊन येते, असं आई सांगायची.

नवऱ्यानं मात्र त्या उन्हाळ्यात एक नवीनच सुरू केलं. क्लासवरून आला की तपासायचे पेपर घेऊन शेडात जायचा आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. मी स्वयंपाकघरातून दोघांचं बोलणं ऐकायची. फार नसायचं. एक प्रश्न, मग बराच वेळ पेपर उलटण्याचा आवाज, मग उत्तर.

"दादा, तिला विहिरीत पोहायला कुणी शिकवलं हो? तुम्ही?"

"म्या कशाला? मला कुठं येतंय? तुझ्या आईनं. लुगड्याचा काष्टा मारून उडी घ्यायची ती. सगळं गाव बगायचं."

"आईला पोहता येत होतं?"

"मग! तुला कुणी सांगितलंच न्हाई व्हय?" मामा म्हणाले आणि त्यांनी बाजेवर सरकून त्याला नीट बसायला जागा केली.